४३.१ म्हणजे नेमकं किती? संशोधनाचा डेटा आणि कोड खुला करताना

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४३ फूट १० इंच, अशी नोंद वहीत आहे. ती एक्सेलमध्ये भरणारा ‘४३.१०’ असं टाइप करतो. एक्सेल शेवटचं शून्य गाळतं आणि खान्यात उरतं ४३.१. वरच्या ओळीत आदल्या रात्रीची ४३ फूट १ इंचाची नोंद आहे, तीही ४३.१. दोन्ही आकडे सारखे झाले. दशांशात मांडलं तर पहिली नोंद ४३.८३ फूट आणि दुसरी ४३.०८ फूट यायला हवी होती. नदी रात्रीत नऊ इंच चढली आणि तक्त्यात जागची हललीच नाही. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे आकडे ज्या शहरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात, तिथे ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

पुढे हा रकाना विश्लेषणात जातो, त्यातून आलेख निघतो आणि आलेख शोधनिबंधात छापला जातो. निबंध तपासणाऱ्याच्या हाती फक्त तो आलेख पडतो, त्याला चूक दिसणं शक्यच नाही. कच्चा तक्ता आणि कोड (म्हणजे संगणकाला दिलेल्या आकडेमोडीच्या आज्ञा) खुला असेल, तर मात्र अनोळखी माणसालाही अर्ध्या तासात शंका येते. हजारो नोंदींमध्ये टिंबानंतर १ ते ९ आणि मधूनच ११ दिसतं, पण २५ किंवा ७५ एकदाही नाही. म्हणजे हे दशांश नाहीत, इंच आहेत.

डेटा खुला करण्यामागे पारदर्शकता, सहकार्य वगैरे मोठी कारणं आहेतच. पण रोजच्या कामातलं पहिलं कारण हे असं बारकं असतं. काही चुका निबंध वाचून दिसत नाहीत, त्या तक्ता आणि कोड उघडल्यावरच दिसतात.

काय काय द्यायचं असतं

गुऱ्हाळाचं उदाहरण घेऊ. शोधनिबंध म्हणजे बाजारात आलेला गुळाचा रवा. डेटा म्हणजे काहिलीत ओतलेला रस. कोड म्हणजे गुळव्याची रीत: मळी कधी काढली, रानभेंडीचं पाणी किती घातलं, पाक कोणत्या क्षणी उतरवला. रवा बघून रीत ओळखता येत नाही. आपल्याकडे ती गुळव्याच्या नजरेत असते आणि तो गावाला गेला की काहील थांबते. प्रयोगशाळेतही तसंच होतं. पीएचडी संपवून विद्यार्थी निघून जातो आणि ‘हा आकडा कसा काढला होता’ हे सांगणारं मागे कुणी राहत नाही.

रीत किती महत्त्वाची, हे अर्थशास्त्रातल्या एका प्रकरणाने जगाला दाखवलं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधानुसार, ज्या देशांचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर जातं त्यांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के होती. त्या आधारावर अनेक देशांत काटकसरीची बाजू मांडली गेली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या गृहपाठासाठी तो आकडा पुन्हा काढून बघितला, तर जमेना. त्याने लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली. २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी दुरुस्त आकडा मांडला: अधिक २.२ टक्के.

गाजली ती एक्सेलची चूक. सरासरीच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी, म्हणजे पाच देश, सुटले होते. पण आकडा एवढा हलला तो मुख्यतः इतर निर्णयांमुळे. काही देशांची काही वर्षं गाळली होती. शिवाय प्रत्येक देशाला सारखंच वजन दिलं होतं, मग त्याची नोंद एका वर्षाची असो वा एकोणीस वर्षांची. न्यूझीलंडचं एक वाईट वर्ष ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतकं भारी ठरलं. असे निर्णय प्रत्येक विश्लेषणात घ्यावेच लागतात. ते कोडमध्ये किंवा सूत्रात लिहिलेले असतात, निबंधात क्वचितच.

‘मागितला तर देऊ’

अनेक निबंधांच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असतं: डेटा लेखकांकडे मागितल्यास मिळेल. २०२२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी असं लिहिणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांकडे खरोखर मागून बघितलं. डेटा मिळाला फक्त ६.८ टक्के निबंधांचा. प्राणी आणि वनस्पतींवरच्या ५१६ अभ्यासांचा मागोवा घेणाऱ्या २०१४ च्या एका पाहणीत, निबंध जसजसा जुना होतो तसतशी डेटा हाती असण्याची शक्यता दर वर्षी १७ टक्क्यांनी घटते असं दिसलं.

यात लबाडी क्वचितच असते. लॅपटॉप बदललेला असतो, हार्ड डिस्क बसलेली असते, संस्थेचा ईमेल बंद झालेला असतो. गूगल ड्राइव्हची लिंक दिली असेल आणि खातं विद्यापीठाचं असेल, तर नोकरीबरोबर लिंकही जाते. पाच वर्षांनी शोधायला लागलं की ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल सरांनी बघितलेली’ अशा तीन फाइली सापडतात आणि निबंधातला तक्ता त्यातल्या कुठलीतून निघाला हे लेखकालाही सांगता येत नाही.

तक्ता परक्याला वाचता यावा म्हणून

समजा, शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींचा अभ्यास आहे. १२० शेतांतून मातीचे नमुने घेतले, सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता मोजली, उसाचं उत्पादन शेतकऱ्यांना विचारून लिहिलं. हा डेटा खुला करायचा, तर खरं काम अपलोड करण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

पहिला नियम: कच्च्या फाइलला हात लावायचा नाही. यंत्रातून किंवा वहीतून आलेली फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून ‘फक्त वाचण्यासाठी’ करून टाका. दुरुस्ती कोडमधून करा आणि दुरुस्त फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये साठवा. मूळ फाइलमध्येच खाडाखोड केली, तर काय बदललं याचा माग राहत नाही.

दुसरा नियम: एका ओळीत एक नमुना, एका रकान्यात एकच गोष्ट. खाने एकत्र जोडू नका. पिवळा रंग म्हणजे संशयास्पद नमुना, अशी रंगांची भाषा सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुरातल्या तक्त्यात) टिकत नाही. ‘शेरा’ नावाचा रकाना करा आणि शब्दांत लिहा. नसलेला आकडा मोकळा सोडा किंवा ‘एनए’ लिहा. तिथे शून्य टाकलं तर सरासरी खाली येते, ‘-९९९९’ टाकलं तर एखाद्या दिवशी कुणीतरी तेच उत्पादन समजून बेरीज करतं.

एक्सेलची आणखी एक खोड. गट क्रमांक १२, हिस्सा ३ असा ‘१२/३’ टाइप केला की एक्सेल त्याची १२ मार्च ही तारीख करून टाकतं आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. जनुकशास्त्रात हाच घोळ वर्षानुवर्षं चालला. ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट २’ अशा नावांची जनुकं एक्सेलने तारखा करून टाकली. २०१६ च्या एका तपासणीत, एक्सेल याद्या जोडलेल्या जनुकशास्त्रीय निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांची नावंच बदलली. माणसं एक्सेलपुढे हरली, असंच म्हणायचं! उपाय सोपा आहे: भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा. तारीख २०२४-०४-०३ अशी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा. ०३/०४ लिहिलं तर आपण ३ एप्रिल वाचतो आणि अमेरिकेतला माणूस ४ मार्च.

आता मराठीची खास दुखणी. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीने टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तिथे निव्वळ चिन्हांचा ढीग दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामाईक पद्धतीत, बदलून घ्या. युनिकोड असला तरी साधी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरीचा चुराडा होऊ शकतो. म्हणून साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. फाइलचं नाव मात्र रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता ठेवलेलं बरं. आणि गावांची नावं! नृसिंहवाडी, नरसोबाची वाडी, नरसोबावाडी आणि नुसतं ‘वाडी’ ही आपल्याला एकच जागा वाटते, संगणकाला ती चार गावं वाटतात. म्हणून नावाशेजारी सरकारी गाव-संकेतांकाचा रकाना ठेवा.

यानंतर सगळ्यात दुर्लक्षित फाइल: रकान्यांचा खुलासा. प्रत्येक रकान्यासाठी नाव, अर्थ, एकक, मोजण्याची पद्धत आणि शक्य मूल्यं, एवढं एका तक्त्यात लिहायचं. ‘वाहकता २.१’ एवढ्याने काही कळत नाही. डेसीसीमेन प्रति मीटर हे एकक लिहिलं तरी अर्धंच कळतं. संपृक्त अर्कात (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात) मोजली की एक भाग माती आणि अडीच भाग पाण्याच्या द्रावणात? पाणी जास्त असल्यामुळे दुसऱ्या पद्धतीत त्याच मातीचा आकडा बराच कमी येतो. जमीन क्षारयुक्त मानण्याची ४ ची मर्यादा संपृक्त अर्कासाठी आहे. पद्धत न लिहिता दिलेला आकडा त्या मर्यादेशी ताडला, तर बिघडलेली जमीन चांगली ठरते. नमुना वरच्या १५ सेंटिमीटरचा की ३० चा, हेही लिहा. उत्पादन एकरी की हेक्टरी, त्यात अडीचपट फरक पडतो. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि सातबाऱ्यावरचा ‘आर’ १०० चा. बोलताना दोन्ही एकच धरतात, तक्त्यात धरू नयेत.

कोल्हापुरात थिन फिल्म (पदार्थाचे पातळ थर) आणि सुपरकॅपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या उपकरणांवर) बरंच काम चालतं, तिथेही दुखणं हेच. निबंधात धारकता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, ‘प्रति ग्रॅम’ छापतात, पण इलेक्ट्रोडवर प्रत्यक्ष पदार्थ किती मिलिग्रॅम होता ते लिहायचं राहतं. १ मिलिग्रॅम वजन आणि ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच मोजणारा काटा असेल, तर तिथेच दहा टक्क्यांची अनिश्चितता आली. वजन आणि यंत्रातून निघालेले मूळ आकडे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये द्या. ओरिजिन या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरची फाइल तेवढी दिली, तर ते सॉफ्टवेअर नसलेल्याला ती उघडता येत नाही.

नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली असं नाही

शिरोळच्या तक्त्यातून शेतकऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर काढून टाकला, पण गाव आणि गट क्रमांक ठेवला, तर काहीच लपलं नाही. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक टाकला की सातबारा समोर येतो, मालकाच्या नावासकट. जीपीएसचं बिंदुस्थानही तेच करतं. अक्षांशात चार दशांश स्थळं ठेवली तर जागा सुमारे ११ मीटरच्या आत येते, म्हणजे थेट बांधावर. दोन ठेवली तर सुमारे १.१ किलोमीटर. मातीच्या बऱ्याच अभ्यासांना तेवढी जागा पुरते. अचूक बिंदू हवेच असतील तर ते वेगळ्या फाइलमध्ये, परवानगीनेच मिळतील असे ठेवा.

माणसांच्या माहितीत धोका जास्त. अमेरिकेतल्या लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांची एकमेव ओळख पटू शकते. आपल्याकडे दीड हजार वस्तीच्या गावात ‘वय ५२, महिला, पदवीधर, डेअरीत नोकरी’ एवढं लिहिलं तर नाव लिहायची गरजच नाही. जन्मतारखेऐवजी दहा वर्षांचा वयोगट द्या. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत तो शेजारच्या गटात मिसळा. ‘नाव काढून ही माहिती इतर अभ्यासकांना दिली जाईल’ हे वाक्य संमतिपत्रात मराठीत आणि सुरुवातीलाच हवं. सर्वेक्षण झाल्यावर पुन्हा घरोघर फिरून परवानगी आणणं जवळपास अशक्य असतं.

सड्यांवरची दुर्मीळ कंदीलपुष्पं किंवा ऑर्किड यांच्या नेमक्या जागाही अशाच झाकायच्या. ०.१ अंशापर्यंत, म्हणजे साधारण ११ किलोमीटरपर्यंत, जागा भोंगळ करतात. कंद उपटून नेणारेही इंटरनेट वाचतात.

दुसऱ्याच्या संगणकावर कोड का बंद पडतो

हार्वर्डच्या डेटा-भांडारातल्या ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणकभाषेतल्या नऊ हजारांहून जास्त फाइली संशोधकांनी नव्या संगणकावर चालवून बघितल्या. २०२२ मध्ये छापलेला निकाल: ७४ टक्के फाइली चुकीचा संदेश देऊन थांबल्या. साधी साफसफाई केल्यावरही ५६ टक्के चालल्या नाहीत. कारणं फार गूढ नसतात.

पहिलं कारण पत्ता. कोड फाइल शोधतो सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग तुमचं नाव, मग डेस्कटॉप अशा वाटेने. दुसऱ्याच्या संगणकावर ती वाटच नाही. सगळे पत्ते प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरपासून लिहा. दुसरं, पॅकेजं (इतरांनी लिहिलेले तयार कोडचे संच) आणि त्यांच्या आवृत्त्या. आरमध्ये ‘रेन्व्ह’ हे पॅकेज ही यादी ठेवतं, पायथन या दुसऱ्या संगणकभाषेत ‘रिक्वायरमेंट्स’ नावाची साधी मजकुराची फाइल पुरते. तिसरं, यादृच्छिक निवड. तिचा प्रारंभाकडा, म्हणजे सीड, लिहून ठेवला नाही तर प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. तो लिहिला तरी आवृत्ती हवीच. २०१९ मध्ये आरच्या ३.६.० आवृत्तीने यादृच्छिक नमुने काढायची रीत बदलली, त्यामुळे तोच सीड जुन्या आणि नव्या आरमध्ये वेगळे नमुने देतो.

सगळ्यात वाईट म्हणजे न थांबता चुकीचं उत्तर देणारा कोड. रसायनशास्त्रात बराच वापरला गेलेला एक पायथन प्रोग्रॅम फोल्डरमधल्या फाइली संगणक देईल त्या क्रमाने घ्यायचा. हा क्रम वेगवेगळ्या प्रणालींत वेगळा असतो. त्यामुळे त्याच डेटावर एका संगणकावर एक उत्तर आणि दुसऱ्यावर दुसरं यायचं. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी हे पकडलं आणि फाइली आधी क्रमाने लावून घेणं हा उपाय सुचवला. कोड सर्वांसमोर होता, म्हणून दोष ओळीपर्यंत जाऊन सापडला.

एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं दाबून काम करणाऱ्यांनाही सुटका आहे. ‘ओके’ऐवजी ‘पेस्ट’ दाबलं की त्या कृतीच्या आज्ञा मजकूर म्हणून उमटतात. ती सिंटॅक्स फाइल साठवली, की झाला कोड. तो देखणा नसला तरी चालतो. लाज वाटते म्हणून न दिलेल्या कोडपेक्षा ओबडधोबड पण दिलेला कोड कधीही बरा.

परीक्षा एकच. सगळं फोल्डर झिप करून शेजारच्या प्रयोगशाळेतल्या, या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला द्या आणि तोंडाने काहीही सांगू नका. त्याला दीड-दोन तासांत निबंधातला पहिला तक्ता काढता आला पाहिजे. तो जिथे अडेल आणि जे विचारेल, ते ‘रीडमी’ फाइलमध्ये लिहा.

ठेवायचं कुठे

गिटहब हे संकेतस्थळ कोड लिहायला उत्तम, पण ते संग्रहालय नव्हे. मालकाने पुसलं की गेलं. तिथे १०० एमबीपेक्षा मोठी फाइलही चढत नाही. आणि एक सावधगिरी: चुकून चढवलेला पासवर्ड किंवा शेतकऱ्यांची यादी नंतर पुसली तरी जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात राहतेच.

कायमच्या जागेसाठी झेनोडो सोयीचं आहे. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था २०१३ पासून ते चालवते. वापर मोफत आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली बसतात. खातं काढा, फोल्डरची झिप चढवा (ते फोल्डरांची रचना जपत नाही, म्हणून झिप), शीर्षक, लेखक, वर्णन आणि परवाना भरा, प्रकाशित करा. नोंदीला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो, जो निबंधात छापता येतो. तो आधी राखूनही ठेवता येतो, म्हणजे निबंध पाठवतानाच त्यात घालता येईल. गिटहबचं खातं जोडलं तर प्रत्येक नव्या आवृत्तीची प्रत झेनोडोवर आपोआप जाते. पहिल्यांदा करणाऱ्याने झेनोडोच्या ‘सँडबॉक्स’मध्ये सराव करून घ्यावा. तिथली नोंद खरी धरली जात नाही. जैविक डेटासाठी फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. ज्या विषयाचं स्वतःचं भांडार आहे, त्याने आधी तिथे जावं.

लेखकाच्या नावाशेजारी ऑर्किड आयडी (ORCID, संशोधकाचा स्वतःचा ओळख-क्रमांक) भरा. सोळा अंकी असतो, मोफत मिळतो. कोल्हापूर जिल्ह्यात एस. एस. पाटील नावाचे किती संशोधक असतील याचा विचार केला, की त्याची गरज वेगळी पटवावी लागत नाही.

परवाना रिकामा सोडू नका. परवाना नसलेली फाइल उघड्यावर असली तरी कायद्याने इतरांना ती निर्धास्त वापरता येत नाही. डेटासाठी सीसी बाय ४.० म्हणजे ‘वापरा, पण श्रेय द्या’, आणि सीसी झिरो म्हणजे कोणतीच अट नाही. कोडसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वापरू नयेत. तिथे एमआयटी किंवा जीपीएल.

‘दुसऱ्याने आधी छापलं तर?’

ही भीती खोटी नाही. पहिला निबंध निघेपर्यंत नोंद बंद ठेवून ठरलेल्या तारखेला उघडायची सोय झेनोडोवर आहे, ती वापरावी. डीओआयवर तारीख असते, त्यामुळे हे काम आधी कुणाचं होतं यावर वाद उरत नाही. जनुक-अभिव्यक्तीच्या अभ्यासांवरच्या २०१३ च्या एका विश्लेषणात, डेटा खुला ठेवलेल्या निबंधांना सुमारे ९ टक्के जास्त संदर्भ मिळालेले दिसले. फार मोठा आकडा नाही, पण तोटा तरी नक्कीच नाही. मोठा फायदा एकट्याचा नसतोच. प्रथिनांच्या रचनांची भांडार-फाइल, प्रोटीन डेटा बँक, १९७१ मध्ये मोजक्या रचनांवर सुरू झाली. पुढे जगभरच्या प्रयोगशाळा तिच्यात भर घालत राहिल्या. प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधणारा अल्फाफोल्ड हा संगणक-प्रोग्रॅम त्या साठ्यावरच शिकला, आणि त्या कामाचा वाटा २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये होता. शेतात पैरा करतात, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीने जातात, तसंच हे, फक्त परतफेड कोणत्या वर्षी आणि कुणाकडून होईल ते आधी ठरलेलं नसतं.

दुसरी भीती कमी लोक बोलून दाखवतात: आपली चूक सापडली तर? सापडेल. त्यासाठीच झेनोडोवर आवृत्त्या असतात. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा डीओआय आणि शिवाय सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक. बंधाऱ्याच्या तक्त्यात ४३.१ चा घोळ कुणी दाखवून दिला, तर जुना रकाना तसाच ठेवायचा. शेजारी ‘फूट’, ‘इंच’ आणि ‘दशांश फूट’ असे तीन नवे रकाने घालायचे. वहीच्या पानांचे फोटो कच्च्या फोल्डरमध्ये टाकायचे, कारण ४३.१ मधली कुठली नोंद एक इंचाची आणि कुठली दहा इंचांची हे आता फक्त ती पानंच सांगू शकतात. बदलांच्या फाइलमध्ये तारीख, किती नोंदी बदलल्या, कुणी दाखवलं आणि निबंधातल्या कोणत्या आलेखावर किती फरक पडला, हे चार ओळींत लिहायचं आणि आवृत्ती २ प्रकाशित करायची.